चित्रपटगृहांचें एक घराणें

वाशी-पनवेलकडील मंडळींना मॉलमधील चित्रपटगृहाचें आतां नवल उरलें नाहीं. त्याचें मूळ मात्र करमाफींत आहे. किमान ४ पडदे व १२५० खुर्च्या असलेल्या गृहांस २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें पहिल्या ३ वर्षांचा करमणूक-कर माफ केला. मुंबईच्या कनाकिया कुटुंबाचा मूळ धंदा इमारती बांधण्याचा. जागेची पारख घरचीच. त्यांचें ‘सिनेमॅक्स’ भराभर वाढलें. परंतु २०१२ सालीं त्यांनीं आपला ६९ टक्के हिस्सा ३९५ कोटींस ‘पीव्हीआर’ला विकला! घेणारें तरी कोण? तेंहि घराणेंच! दिल्लीच्या बिजली कुटुंबानें १९७८ सालीं ‘प्रिया’ हें एकच चित्रपटगृह घेतलें होतें. त्यांनीं तें जपलें, वाढविलें. कनाकियांना बांधून विकण्याचीच संवय. चित्रपटगृहांसहि त्यांनीं तोच न्याय लावला, असें मला वाटतें.