करवंदाची जाळी आपल्या बांधावर

मे महिना निम्मा सरला. ताम्हिणीच्या रस्त्याला पळसाच्या द्रोणात काळी करवंदं दिसू लागली. पण करवंदं विकणाऱ्या बायांना विचारा, त्या सांगतील की जाळी आता लांब गेली. ज्या माळावर आपल्या आया-सासवा पाटी घेऊन जायच्या, तिथं कुठं बंगल्याचं कुंपण आलं, कुठं जेसीबीनं उतार सपाट केला. उरलेल्या जाळ्या वणव्यात होरपळतात. गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवायचा आणि मग करवंदं महागली म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणून आज करवंद आपल्या बांधावर कसं आणायचं, ते सांगते. हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे त्याचं बी. ते वाळवून डब्यात ठेवलं आणि पुढच्या वर्षी पेरलं, तर उगवत नाही. ताजं बीच लागतं. तेव्हा काम येत्या पंधरा-वीस दिवसांतलं आहे.

ज्या जाळीचं फळ मोठं, गोड आणि भरपूर असतं, ती जाळी आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना आणि कातकरी बायांना बरोबर ठाऊक असते. त्यांना विचारा, आणि फळं त्यांच्याकडून विकत घ्या, फुकट मागू नका. पूर्ण काळी झालेली फळं कुस्करा, बिया पाण्यात चोळून धुवा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि लगेच पेरा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात, फक्त खाली भोकं पाडा. माती आणि कुजलेलं शेणखत भरा, पिशवीत दोन बिया, नखाएवढ्या खोल. पंधरा दिवस ते महिन्याभरात कोंब येतो. रोप हळू वाढतं, कंटाळू नका. वर्षभर पिशवीतच सांभाळा आणि पुढच्या जूनमध्ये पाऊस लागला की बांधावर लावा. डोंगरातली जाळी उपटून आणायला जाऊ नका. तिचं मूळ खोल असतं, ते तुटतं आणि झाड मरतं. वनखात्याच्या हद्दीतून उपटणं तर गुन्हाच आहे.

ज्यांना मोठं फळ हवं, त्यांच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आहे. लोणच्याला ती उत्तम. चव मात्र मला आपल्या डोंगरच्याच फळाची आवडते.

कुंपण करायचं तर दोन झाडांत तीन-चार फूट अंतर पुरे. फळासाठी हवं तर आठ-दहा फूट ठेवा. मुरमाड जमीन चालते, पण पाणी साचतं तिथं नको, आणि आपल्याकडच्या पावसात हे आधी बघावं लागतं. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखा. नंतर काटेच राखण करतात, गुरंही आत शिरत नाहीत. आणि एक, सामाईक बांधावर लावायचं तर आधी भावकीशी बोला, नाहीतर आपल्या हद्दीत तीन फूट आत लावा. जाळी पसरते आणि भांडणही पसरतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, त्यामुळे पर्यटक आले नाहीत तर पाटी वाया. कच्चं मात्र आठवडाभर टिकतं. घरची जाळी असली की एप्रिलमध्येच कच्ची करवंदं तोडून गटाचं लोणचं घालता येतं. चिरताना हाताला तेल लावा, चीक चिकटत नाही. अर्धवट पिकलेल्या फळाची जेली वेगळं काही न घालता घट्ट होते. छाटणी जूनमध्ये, फळं संपल्यावर. दिवाळीनंतर कात्री लावलीत तर फुलं जातील.

पिकलेली करवंदं आणली की मुलांना अंगणात बसवा. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ त्यांना शिकवावा लागत नाही. फक्त बिया थुंकायला एक वाटी समोर ठेवा.