मुलांच्या पुस्तकामागची माणसे

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवता शिकवता मी सहज विचारले, "लहानपणी वाचलेले एखादे गोष्टीचे पुस्तक आठवते का?" भराभर हात वर झाले. मग विचारले, "ते लिहिले कोणी?" चार-पाच हात उरले. "आणि त्यातली चित्रे कोणी काढली?" एकही हात वर राहिला नाही. आता मी या पिढीला चार शब्द सुनावणार, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्हांला आठवतंय का?"

मला आठवत नव्हते. घरी येऊन माळ्यावरची जुनी पेटी काढली. माझे लहानपणचे पुस्तक सापडले. त्यातला वाघ अजून तसाच डोळे वटारून बसला होता. पण ज्या माणसाने तो वाघ काढला, त्याचे नाव पुस्तकात कुठेच छापलेले नव्हते. मला वाघ पहिल्यांदा दाखवला तो त्या माणसाने, आणि त्याचे साधे नावही मला ठाऊक नाही, ही गोष्ट मनाला लागली.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. मुलांसाठी लिहिणारी आणि चित्रे काढणारी माणसे तयार होतात कशी, आणि टिकतात कशी? आज मी तुम्हांला याबद्दल बंगालची एक हकीकत सांगणार आहे.

कलकत्त्याला उपेंद्रकिशोर रायचौधुरी नावाचे एक गृहस्थ होते. मुलांसाठी गोष्टी लिहीत, चित्रे काढीत, व्हायोलिनही वाजवीत. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, त्याला स्वतः चित्रे काढली. पण पुस्तक छापून आले तेव्हा चित्रांची पार दशा झालेली! त्या काळचे लाकडी ठसे ते. नाजूक रेघ त्यांत कुठली उतरायला? दुसरा एखादा हळहळून गप्प बसला असता. यांनी विलायतेहून सामान मागवले, छपाईच्या ठशांचे शास्त्र आपले आपण शिकले आणि १८९५ च्या सुमारास स्वतःचा उद्योग सुरू केला. कारण काय, तर मुलांच्या हाती जाणारे चित्र धड असावे! पुढे छायाचित्रांच्या ठशांवरचे त्यांचे लेख इंग्लंडातल्या छपाईच्या वार्षिकात प्रसिद्ध झाले.

१९१३ साली त्यांनी मुलांचे मासिक काढले. नाव ठेवले 'संदेश'. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाईसुद्धा! मुलांना ज्ञान द्यायचे ते मिठाईसारखे, ही कल्पना नावातच आली. दोन वर्षांनी ते वारले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय विलायतेहून छपाईचेच शिक्षण घेऊन आले होते. त्यांनी मासिक हाती घेतले. त्यांच्या गमतीदार कविता आणि तितकीच गमतीदार चित्रे 'संदेश'मध्ये येऊ लागली. दोन्ही एकाच हातची.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सुकुमारांनी घरातल्याच एका चौदा-पंधरा वर्षांच्या चुलत बहिणीला सांगितले, तू गोष्ट लिही. तिने लिहिली आणि १९२२ साली ती 'संदेश'मध्ये छापून आली. या मुलीचे नाव लीला. याच पुढे बंगाली बालसाहित्यातल्या मोठ्या लेखिका लीला मजुमदार झाल्या. त्यांनी काही वर्षे आकाशवाणीतही काम केले, हे आपल्यासारख्या रेडिओच्या मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. कोणीतरी 'लिही' म्हटले, आणि लिहिलेले छापले. लेखक घडायला सुरुवातीला एवढेच लागते. पण एवढेही किती मुलांच्या वाट्याला येते?

१९२३ साली सुकुमार ऐन छत्तिशीच्या आत गेले. पुढे मासिक बंद पडले. छापखानाही घराण्याच्या हातून गेला. काही वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले, आणि थोड्या वर्षांत पुन्हा बंद पडले.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही तर एका गुणी घराण्याची कहाणी झाली. आमच्या वाडीवस्तीला त्याचा काय उपयोग? थांबा. घराण्याची पुण्याई इथे संपली. आता पुढे काय झाले ते ऐका.

सुकुमारांचे चिरंजीव म्हणजे चित्रपटांमुळे जगाला माहीत झालेले सत्यजित राय. त्याआधी ते पुस्तकांची चित्रे आणि मुखपृष्ठे काढीत. 'पथेर पांचाली' या कादंबरीची मुलांसाठी केलेली छोटी आवृत्ती निघाली, तिची चित्रे त्यांनी काढली. आणि ती काढतानाच यावर चित्रपट करावा असे त्यांच्या मनात आले. म्हणजे त्या थोर चित्रपटाचे बी मुलांच्या पुस्तकात रुजले होते! १९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांना बरोबर घेऊन त्यांनी 'संदेश' पुन्हा सुरू केले. मात्र एकट्याच्या खिशावर मासिक चालत नाही. म्हणून १९६३ पासून ते एका सहकारी संस्थेमार्फत निघू लागले. बंगालीत सहकाराला 'समबाय' म्हणतात. लीला मजुमदारही संपादनाला आल्या. चाळीस वर्षांपूर्वी जिला 'लिही' म्हटले होते, ती आता दुसऱ्यांना 'लिहा' म्हणू लागली. सत्यजितबाबूंचा गाजलेला गुप्तहेर फेलूदा १९६५ साली याच मासिकातून मुलांच्या भेटीला आला.

सहकार म्हणजे काय, हे मी तुम्हांला काय सांगावे? तुमच्या गावात दुधाची सोसायटी असेल, जवळपास साखर कारखाना असेल. एकाच्या घरचे दोन लिटर दूध शहरात कोण नेणार? पण गावाचे दूध एकत्र झाले की टँकर दाराशी येतो. मुलांच्या पुस्तकाचेही तसेच आहे, बरं का! एकटा लेखक, एकटा चित्रकार फार दिवस तग धरत नाही.

'संदेश'मध्ये वाचक मुलांच्या स्वतःच्या लिखाणासाठी आणि चित्रांसाठी एक सदर असे: 'हात पाकाबार आसर'. आपण 'हात बसला' म्हणतो, बंगालीत 'हात पिकला' म्हणतात. म्हणजे मुलांनी हात बसवण्याची ही बैठक! उद्याचा लेखक आजच्या वाचकांतूनच यायचा आहे, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

आपल्या मराठीत काही कमी नाही. वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात 'आनंद' मासिक काढले ते १९०६ साली, म्हणजे 'संदेश'च्याही सात वर्षे आधी. १९७१ साली बालभारतीने 'किशोर' सुरू केले. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. कमी पडतो तो पुस्तकाभोवतीचा गोतावळा. मी एका शाळेत पुस्तकांचे कपाट पाहिले. पुस्तके कोरी करकरीत! फाटली तर भरून कोण देणार, म्हणून कुलूप. अहो, मुलांचे पुस्तक फाटणे ही काही नासाडी नव्हे. भाकरी खाल्ली म्हणून कोणी संपल्याची तक्रार करते का?

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझे मागणे लहान आहे. वर्गात गोष्ट वाचून दाखवाल तेव्हा आधी लेखकाचे नाव सांगा, आणि चित्रकाराचेही सांगा. नाव छापलेले नसेल तर प्रकाशकाला एक पत्र टाका, 'या चित्रांचा धनी कोण?' म्हणून विचारा. शाळेचे हस्तलिखित वर्षातून एकदा तरी निघू द्या, आणि चित्र काढणाऱ्या मुलाचे नाव गोष्ट लिहिणाऱ्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत घाला. आणि पालकहो, जत्रेत मुलाला फुगा घ्याल, तो जरूर घ्या. पण वर्षाकाठी एक पुस्तकही घ्या. आवडले तर मुलाकडून लेखकाला, चित्रकाराला चार ओळी लिहवून घ्या. शाबासकीवर पोट भरत नाही हे खरे, पण ती मिळाली की माणूस दुसरे पुस्तक करायला बसतो.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, "बाई, मलाही नाव सापडलं नाही." ती म्हणाली, "मग सर, त्या वाघाचं चित्र तरी आम्हांला दाखवा." मी पुस्तक घेऊन गेलो. तास संपला तरी ते बाकाबाकांवरून फिरत होते.

त्या अनाम चित्रकाराचे ऋण आता फिटायचे नाही. पण आज कुठल्याशा खेड्यात पाटीवर वाघ काढणारे जे मूल बसले आहे, त्याचे नाव तरी आपण विचारू या.