मुलांच्या मनातले, फळ्यावर
(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकविणारी मी एक साधी शिक्षिका आहे. ‘ऑनलाइन साधनांचा वर्गात उपयोग’ या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. यंत्राची माहिती सांगणारे माझ्याहून पुष्कळ जाणकार आहेत. परंतु या साधनांमुळे माझ्या वर्गात जे घडले ते आपणांपुढे ठेवावे असे मागाहून वाटले, म्हणून उभी आहे.

आपल्या भिवंडीतील मुलांची मराठी आपणांस ठाऊकच आहे. कोकणी घरांतील मुलांच्या कानांवरून ती गेलेली असते. ज्यांचे आईवडील उत्तर प्रदेशातून लूमच्या कामासाठी येथे आले त्यांची तिच्याशी पहिली भेट शाळेतच होते. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल सरळ ‘माझी पुस्तक’ म्हणते. कोणीतरी हसते, आणि ते मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. साठ मुलांच्या वर्गात हात वर करणारी पाच-सहा, तीही नेहमीचीच. त्यांनी उत्तर दिले की ‘वर्गाला समजले’ असे मानून आम्ही पुढच्या पाठाकडे वळतो. मी स्वतः असे अनेक वर्षे केले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले व बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे आपण वाचले असेल. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामाने त्यांचे नाव झाले. कोडवर फोन धरला की चित्र, आवाज, पाठ मुलापर्यंत येतो. हे मोठेच काम आहे. मात्र हा रस्ता पुस्तकाकडून मुलाकडे जाणारा आहे. मुलाकडून परत काय येते हे पाहावयाचे तर साधन निराळे लागते.

पॅडलेट हे असे एक साधन. २००८ साली ते वॉलविशर या नावाने सुरू झाले. पूर्वी शाळेच्या व्हरांड्यात आपण भित्तिपत्रक लावीत असू, तशीच ही भिंत, फक्त फोनच्या काचेवरची. शिक्षकाने वर प्रश्न लिहावयाचा. मुलांनी खाली आपापली चिठ्ठी चिकटवावयाची. नाव देण्याची सक्ती नाही. एक चिठ्ठी मराठीत, शेजारची उर्दूत, अशा दोन्ही एकाच भिंतीवर नांदतात. काही फोनांवर उर्दू नस्तलीकऐवजी नस्ख वळणात उमटते व मुले नाक मुरडतात, एवढीच काय ती तक्रार.

नववीच्या वर्गाला मी ‘वीज नसती तर’ हा विषय दिला. हा निबंध आपण सर्वांनी लिहिला आहे. पंखे बंद पडतात, फ्रीजमधील पदार्थ नासतात, दूरदर्शन दिसत नाही, आणि शेवटी विजेची बचत करावी. मीही दरवर्षी फळ्यावर हेच मुद्दे लिहून देत असे. या वेळी मुद्दे दिले नाहीत. भिंत उघडली आणि नावाशिवाय काहीही लिहा असे सांगितले.

पहिली चिठ्ठी आली, “वीज नसती तर आम्ही भिवंडीत आलोच नसतो.” दुसरी उर्दूत होती. लूमची खडखड थांबली की माझी लहान बहीण जागी होते, असे तीत लिहिले होते. तिसरी चिठ्ठी अशी : “वीज जाते. लूम बंद. अब्बा घरी येतात. मला बरा वाटते. नंतर अम्मी पैसे मोजते.”

लूमवरील मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते, हे येथे कोणास सांगावयास नको. लूम थांबला की मजुरी थांबली. पण ‘मला बरा वाटते’ आणि ‘अम्मी पैसे मोजते’ ही दोन वाक्ये एका मुलाच्या मनात शेजारी शेजारी राहतात, हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. मी फ्रीजचे मुद्दे देत राहिले. किती घरांत फ्रीज आहे हेही कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठ्यांवर तास घेतला. ‘बरा वाटते’चे ‘बरे वाटते’ सर्वांनी मिळून केले. चूक कोणाची हे ठाऊक नसल्याने कोणी हसले नाही. बीम, कांडी, ताका हे शब्द फळ्यावर आले, आणि कधी न बोलणारी दोन मुले मला कांडी कशी भरतात ते समजावू लागली. मराठीत.

आता अडचणी. घरात फोन एक, आणि तो वडिलांच्या खिशात बारा तासांच्या पाळीला जातो. म्हणून मी हे काम घरी देत नाही. वर्गातच पाच-सहा जणांत एक फोन, तोही शिक्षकांकडून मागून घेतलेला. ज्यांना नकोसे वाटते ते कागदावर लिहून देतात व मी ते भिंतीवर चढविते. फोन अगदीच नसतील तर प्लिकर्स आहे. अमेरिकेतील एका गणित शिक्षकाने ते काढले. मुलांच्या हाती फक्त छापील पुठ्ठा. तो चार बाजूंपैकी ज्या बाजूने वर धराल ते उत्तर, आणि शिक्षकाचा एकच फोन सर्व वर्गाची उत्तरे टिपतो. होय-नाहीसाठी ते उत्तम, मनातले सांगण्यासाठी अपुरे.

नाव नसण्याचा तोटाही पाहिला. एकदा एका मुलीविषयी वाईटसाईट मजकूर भिंतीवर आला आणि मी पाहीपर्यंत वर्गाने वाचला होता. दोष माझाच, चिठ्ठी शिक्षकाने मंजूर केल्यावरच दिसावी अशी सोय त्यात आहे, ती मी लावली नव्हती. ती मुलगी त्यानंतर आठवडाभर आली नाही. मी घरी जाऊन तिची व तिच्या आईची माफी मागितली. मुलांची छायाचित्रे व पूर्ण नावे मी भिंतीवर येऊ देत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, हे शाळांनी ध्यानात ठेवावे.

मागील पालकसभेत मुलांना विचारून त्या चिठ्ठ्या पडद्यावर दाखविल्या. सभा संपल्यावर तीन वडील वेगवेगळे येऊन मला हळूच विचारून गेले, “मॅडम, ती अब्बावाली चिठ्ठी आमच्याच मुलाची का?” मला ठाऊक नव्हते, तसेच सांगितले. त्यातील एकजण रात्रपाळी करून तसेच आले होते. ते बराच वेळ पडद्यासमोर उभे होते.

ही साधने कायमची नसतात. गूगलचा जॅमबोर्ड अनेक शाळांत वापरला जाई, तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. म्हणून प्रत्येक भिंतीची छापील प्रत काढून मी वाचनालयात जुन्या हस्तलिखितांच्या कपाटात ठेविली आहे. ज्या पालकांना वाचावयाच्या असतील त्यांनी ग्रंथपालांकडे मागाव्यात. उर्दू चिठ्ठ्यांखाली मराठी अर्थही मुलांनीच लिहिला आहे.