मुलांचें वावडें आणि शाळेचा डबा



जून महिना उजाडला कीं आमच्या छत्रपती संभाजीनगरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक पहिल्या पावसाची आणि दुसरी शाळेच्या पहिल्या घंटेची. गुलमंडीच्या दुकानांतून दप्तरें, छत्र्या आणि डबे यांच्या राशी लागतात. मूल प्रथमच शाळेंत जाणार म्हणून आईच्या मनांत हुरहुर असते. तें रडेल काय, त्याला कोणी मित्र मिळेल काय, असे नाना विचार तिला छळतात. ही हुरहुर चारदोन दिवसांत ओसरते. परंतु कांहीं घरांत या हुरहुरीच्या जोडीला एक भय असतें, आणि तें मात्र इतक्या सहज ओसरत नाहीं. ज्या मुलाला एखाद्या अन्नाचें वावडें आहे, त्याच्या आईला चिंता असते ती डब्याची. आणि तीहि आपल्या मुलाच्या डब्याची नव्हे, तर शेजारच्या मुलाच्या डब्याची! या भयाविषयीं, आणि त्यावर काय करतां येतें याविषयीं, आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

प्रथम वावडें म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द आपण फार सैलपणानें वापरतों. दुधानें पोट फुगलें, तिखटानें जळजळलें, एखादी भाजी आवडली नाहीं, कीं आपण म्हणतों, 'त्याला तें वावडें आहे.' वैद्यकशास्त्र या शब्दाला अधिक नेमका अर्थ देतें. रोगजंतूंपासून शरीराचें रक्षण करणारी जी यंत्रणा, तीच एखाद्या निरुपद्रवी अन्नांतील प्रथिनाला शत्रु समजून त्याच्यावर तुटून पडते. आणि या लढाईंत होरपळतें तें मात्र मुलाचें शरीर. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं यासाठीं 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. त्याच्या चार वर्षें आधीं, १९०२ सालीं, शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं याच विकाराच्या अतितीव्र, प्राणघातक स्वरूपाचें वर्णन केलें होतें. रिशे यांना त्याबद्दल १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुधांतील साखर न पचल्यामुळें पोट बिघडतें, तो निराळा विकार होय. तो त्रासदायक खरा, पण जिवावर बेतणारा नव्हे. हा भेद प्रत्येक आईनें ध्यानांत ठेवला पाहिजे.

येथें माझ्या घरांतली एक हकीकत सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. माझी धाकटी मुलगी वर्षाची असतांना तिनें थोरल्या भावाच्या हातांतली चिक्की चाटली, आणि पाहतां पाहतां तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हिला शेंगदाण्याचें वावडें आहे. दाण्याचा कणहि पोटांत जाऊं देऊं नका. घरांत सर्वांनीं तें ऐकलें आणि सर्वांनीं मान डोलावली. पुढें आषाढी एकादशी आली. घरांत साबुदाण्याची खिचडी झाली आणि मुलगी ताटाभोंवतीं घोटाळूं लागली. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. त्यांनीं खिचडींतले दिसतील तेवढे दाण्याचे कण वेंचून काढले, दोनचार साबुदाणे तिच्या तोंडांत घातले आणि म्हणाल्या, "एवढ्याशानें काय होतें?"

पंधरा मिनिटांच्या आंत ती ओकली. मग खोकूं लागली. तिचा आवाज घोगरा झाला, आणि तिनें माझ्या खांद्यावर मान टाकली ती कांहीं केल्या उचलेना. रुग्णालयांत पोंचतांच तिच्या मांडींत एक सुई टोचण्यांत आली आणि थोड्याच वेळांत तिचा श्वास मोकळा झाला. त्या रात्रीं सासूबाई बाहेरच्या बांकावर बसून होत्या. त्यांना कोणी बोललें नाहीं. बोलण्याची गरजहि नव्हती. दुसऱ्या दिवशीं घरीं आल्यावर त्यांनीं मुलीची कढई, चमचा व वाटी स्वतःच्या हातानें वेगळ्या फळीवर ठेवली. त्या दिवसापासून आमच्या घरांत तिच्या अन्नाची त्यांच्याएवढी कडक राखण दुसऱ्या कोणीं केली नाहीं.

सासूबाईंची चूक मायेच्या पोटीं झाली, आणि म्हणूनच ती घरोघरीं होते. 'एवढ्याशानें काय होतें' हा नियम पचनाच्या बाबतींत पुष्कळदां खरा ठरतो. तीव्र वावड्याच्या बाबतींत मात्र तो लागूं पडत नाहीं. तेथें कण म्हणजेहि अन्नच.

दुसरें एक वाक्य असेंच घरोघरीं ऐकूं येतें: 'थोडें थोडें देऊन सवय करावी.' यांत सत्य आहे, पण अर्धेंच. तें अर्धें सत्य कोणतें, हें समजून घेण्यासारखें आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००० सालीं असा सल्ला दिला होता कीं, ज्या बालकांना वावड्याचा संभव अधिक, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊंच नये. २००८ सालीं तो सल्ला मागें घेण्यांत आला. त्याच वर्षीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. तींत असें दिसलें कीं, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचें वावडें इस्राएलमधील मुलांच्या सुमारें दहापट होतें; आणि इस्राएलांत मुलांना दाण्याचा खाऊ तान्हेपणापासूनच मिळत होता. मग लंडनच्या गिडियन लॅक यांनीं ६४० बालकांवर प्रयोग केला. चार ते अकरा महिन्यांच्या या बालकांना तीव्र इसब किंवा अंड्याचें वावडें किंवा दोन्ही होतीं. निम्म्यांना दाणा नियमितपणें खाऊं घातला व निम्म्यांना वर्ज्य केला. तीं पांच वर्षांचीं झालीं तेव्हां वर्ज्य केलेल्यांपैकीं शेंकडा १७.२ मुलांना वावडें जडलें होतें. खाणाऱ्यांपैकीं फक्त ३.२ मुलांना. हा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे सहाव्या महिन्यांत उष्टावण करण्याची चाल आहे. बाळाला नवें अन्न उगीच उशिरां देऊं नये, या आजच्या मताशीं ती चांगली जुळते. पण नीट लक्ष द्या: ही गोष्ट वावडें जडण्यापूर्वींची आहे. एकदां वावडें जडल्यावर घरच्या घरीं 'सवय' करूं पाहणें म्हणजे विस्तवाशीं खेळ. तसा उपचार आज आहे, परंतु तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, मोजून मापून करावयाचा असतो. ज्या बाळाला तीव्र इसब आहे, त्याला दाणा प्रथम देतांनाहि वैद्याचा सल्ला घ्यावा.

आतां उलट बाजूची चूक पाहूं. कांहीं सुशिक्षित घरांत एखाद्या पुरळानें घाबरून रक्ताच्या लांबलचक तपासण्या करविल्या जातात आणि अहवालांत जें जें आढळेल तें तें ताटांतून काढून टाकलें जातें. आज दूध गेलें, उद्यां गहूं, परवां डाळ. आणि मूल सुकत जातें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेली कर्नाटकांतील प्रौढांची एक पाहणी येथें फार उपयोगी आहे. शेंकडा २६.५ लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्यें आढळलीं; परंतु वावडें आहे असें म्हणण्याजोगे लोक निघाले अवघे १.२. म्हणजे, रक्तांत खूण सांपडली एवढ्यावरून वावडें सिद्ध होत नाहीं. अमुक खाल्लें आणि तेवढ्याच वेळांत अमुक झालें, ही आईनें लिहून ठेवलेली हकीकत अहवालाइतकीच मोलाची असते. म्हणून जें वर्ज्य करावयाचें तें नेमकें ठरवावें, तें कसोशीनें पाळावें, आणि बाकीचें सर्व मुलाला आनंदानें खाऊं द्यावें.

परदेशी पुस्तकांतील याद्या येथें पुऱ्या पडत नाहींत. हरभरा हें आपल्याकडे वावड्याचें एक महत्त्वाचें कारण आहे, असें पाटील, निफाडकर व बापट या मुंबईच्या संशोधकांनीं २००१ सालीं दाखवून दिलें. पिठलें, शेव, भजीं, बेसनाचे लाडू यांवर वाढणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट ठाऊक असावयास हवी. दाण्याचें तर विचारूंच नका! भरलीं वांगीं, कोशिंबीर, चिवडा, चटणी, संक्रांतीचा तिळगूळ, कोठें म्हणून कूट नाहीं? इतरांच्या उपवासाचा दिवस हा अशा मुलाच्या दृष्टीनें सर्वांत जोखमीचा, कारण त्या दिवशीं वर्गांतल्या निम्म्या डब्यांत खिचडीच असते. तेलांतहि भेद आहे. पूर्णपणें शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलांत प्रथिन जवळजवळ उरत नाहीं. परंतु हल्लीं पुन्हां आवडीनें घेतल्या जाणाऱ्या लाकडी घाण्याच्या तेलांत तें राहतें. बंद पुड्यांतील खाऊवर दूध, अंडें, मासे, शेंगदाणा, सोयाबीन, गहूं इत्यादि पदार्थांचा उल्लेख करणें २०२० च्या नियमांनीं बंधनकारक आहे. तीं बारीक अक्षरें प्रत्येक वेळीं वाचावीं. मागच्या महिन्यांत वाचलीं होतीं, हें उत्तर पुरेसें नाहीं.

आतां शाळेकडे वळूं. शाळा सुरूं होण्यापूर्वींच वर्गाच्या बाईंना भेटावें. पहिल्या दिवसाच्या गर्दींत नव्हे. एका कागदावर मुलाचें छायाचित्र लावून चार गोष्टी ठळक अक्षरांत लिहाव्या: काय वर्ज्य आहे, लक्षणें कोणतीं, त्या क्षणीं काय करावें, आणि कोणाला फोन करावा. शाळेंत अन्न शिजत असेल तर शिजविणाऱ्या ताईंनाहि तें समजावून सांगावें. ॲड्रिनलिन शाळेंत ठेवावें काय आणि तें कोणीं टोचावें, हें मुलाच्या डॉक्टरांना व शाळेला एकत्र बसवून आधींच ठरवावें. आणि तें ठेवल्यास कुलपाच्या कपाटांत ठेवूं नये. किल्ली शोधण्याइतका वेळ त्या प्रसंगीं नसतो.

लक्षणें बहुधा कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतात. नुसत्या गांधी उठल्या तर मुलाला नजरेआड न करतां डॉक्टरांना विचारावें. पण खोकला, घरघर, घोगरा आवाज, गिळतांना अडचण, एकसारखी ओकारी किंवा एकाएकीं आलेली ग्लानि यांपैकीं कांहीं दिसलें तर तूप, ताक, सुंठ यांत एक क्षणहि दवडूं नये. खाजेच्या गोळीनें अंगावरची खाज थांबते, बंद होऊं पाहणारा घसा उघडत नाहीं. त्याला औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंत टोचलेलें ॲड्रिनलिन. मुलाला आडवें निजवून पाय उंच करावे. श्वास लागला असेल तर बसूं द्यावें, पण चालवूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि बरें वाटलें तरी लगेच घरीं आणूं नये, कारण कांहीं तासांनीं तेंच पुन्हां उलटूं शकतें.

हें सगळें झालें शरीराचें. मनाची गोष्ट याहून अवघड आहे. आपण मुलांना पहिला धडा देतों तो वाटून खाण्याचा. आणि या मुलाला मात्र शिकवावें लागतें, 'कोणाचें घेऊं नकोस.' आपल्या देशांत दुसऱ्याच्या हातचें नाकारण्याला फार कडू इतिहास आहे. ज्या शहरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेनें १९५० सालीं मिलिंद महाविद्यालय उभें केलें, ज्या शहरांत निरनिराळ्या जातींचीं व धर्मांचीं मुलें एका बांकावर डबे उघडतात, तेथें एखाद्या मुलानें पुढें केलेला घांस परत केला तर समोरच्या आईच्या मनांत काय येईल? माझ्या मनाला दाण्यापेक्षां हा कांटा अधिक दिवस सलत होता.

त्यावर उपाय एकच सांपडला, तो म्हणजे लपवाछपवी न करणें. आम्ही मुलीला कारणासह नकार शिकविला. "मला दाण्यानें त्रास होतो, म्हणून मी घरचेंच खातें, पण मी तुझ्याशेजारीं बसतें." हीं वाक्यें आम्ही महिनाभर घरांत नाटुकल्यासारखीं म्हणवून घेतलीं, सासूबाई डबा पुढें करणारी मैत्रीण होत. 'घशांत कांहीं होतंय' असें वाटलें तर लाजायचें नाहीं, बाईंचा पदर धरायचा, हेंहि शिकविलें. वाढदिवसाच्या दिवसांसाठीं तिच्या वाटणीचा खाऊ बाईंजवळ ठेवला. आणि एक गोष्ट मीं शाळेला हात जोडून सांगितली: तिला जेवतांना वेगळें एकटें बसवूं नका. जेवणाआधीं व नंतर सर्वांनीं साबणानें हात धुवावे, एवढें पुरे.

शाळेच्या पहिल्या आठवड्यांत एका मुलीच्या आईनें मला फाटकाशीं गांठलें. मनांत म्हटलें, आतां तक्रार येणार. ती म्हणाली, "माझी मुलगी विचारते, तुमच्या मुलीला काय काय चालतें?" मी यादी सांगितली. दुसऱ्या दिवशीं तिच्या डब्यांत दाण्याच्या चटणीऐवजीं गूळपोळी नव्हे, तूपपोळी होती, कारण गूळपोळींतहि कूट असूं शकतें हें तिचें तिनेंच ताडलें होतें. मुलीला तें आम्हीं खाऊं दिलें नाहीं. नियम तो नियम. पण दोघी एका बांकावर बसून जेवल्या.

दूध किंवा अंडें यांचें वावडें पुष्कळ मुलांचें वाढत्या वयांत जातें; दाण्याचें सुमारें पांचांपैकीं एकाचेंच. म्हणजे आमच्यासारख्या पुष्कळ घरांना ही राखण दीर्घकाळ करावी लागणार. ती एका आईच्यानें होत नाहीं. म्हणून ज्यांच्या मुलांना असा कांहीं त्रास नाहीं, त्या आयांनाच माझी शेवटची विनंति आहे. उद्यां सकाळीं डबा भरतांना मुलाला एवढेंच सांगा: "कोणी 'नको' म्हटलें तर आग्रह करूं नकोस, आणि रागावूंहि नकोस, त्याच्याजवळ मात्र बस."