मेंदू आणि चुंबक

कंपवाताने जडावलेला एखादा म्हातारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हात थरथरतो, पाऊल उचलता उचलत नाही. "वय झालं," असे म्हणून आपण सोडून देतो. पण कारण नुसते वय नव्हे. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. त्या मरत गेल्या, की रसायन अपुरे पडते आणि हालचाल अडते.

हे उमगण्यात आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे बरं का! तिच्या मुळीतून १९५२ साली रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली असे दाखवले, की रेसरपिन दिलेले ससे निपचित पडतात. पण ज्यापासून डोपामिन बनते ते एल-डोपा दिले, की पुन्हा हालूचालू लागतात. एल-डोपा हे आजही कंपवातावरचे मुख्य औषध आहे.

मग कवटी न उघडता, बाहेरूनच मेंदूला डोपामिन सोडायला लावता येईल का?

सायकलीचा डायनमो आठवा. त्यातला चुंबक स्थिर असेपर्यंत दिवा लागत नाही. चाकाबरोबर फिरू लागला, की लागतो. बदलत्या चुंबकत्वातून वीज निर्माण होते, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले होते. त्याच तत्त्वावर १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावर तारेचे वेटोळे धरून त्यात क्षणभर जोराचा वीजप्रवाह सोडला. त्या माणसाचा हात आपोआप हालला!

हा झटका कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरच पोचतो. डोपामिन जिथे सुटते तो गाभा तर खोल. पण विहिरीच्या काठावर दोर ओढला, की तळाची बादली हालते ना? तसेच मज्जातंतू वरचा भाग आणि खालचा गाभा जोडतात. २००१ साली कॅनडात माँट्रियल येथे आठ निरोगी माणसांच्या मेंदूच्या पुढल्या डाव्या भागावर सेकंदाला दहा या गतीने झटके दिले. मग किरणोत्सर्गी खूण लावलेले एक द्रव्य टोचले. हे द्रव्य डोपामिनच्याच जागांवर बसते. एस.टी.त जागा आधीच भरल्या, तर मागून येणाऱ्याला मिळत नाही; तसे डाव्या गाभ्यात हे द्रव्य कमी बसले. म्हणजे तिथे डोपामिन सुटले होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. २००६ साली कंपवाताच्या रोग्यांना, खरा झटका मिळेल या अपेक्षेत ठेवून, खोटाच झटका दिला. तरीही डोपामिन सुटले! आशा ही नुसती मनाची समजूत नाही; मेंदूत तिचे रसायन होते.

म्हणूनच सावध राहा. बाजारात कोणी चुंबकाचे कडे विकतो, आणि घेणाऱ्याला दोन दिवस बरेही वाटते. तो खोटे बोलत नसतो. पण कड्यातला चुंबक स्थिर, आणि आशेने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गुरुजी, हा फरक मुलांना डायनमो फिरवून दाखवा. आणि घरात कंपवाताचा रोगी असेल, तर कड्याच्या भरवशावर त्याच्या गोळ्या बंद करू नका. धीर द्या, तो उपयोगी पडतो. पण गोळ्यांच्या जोडीने.