'अशुद्ध' हा शेरा मला मान्य नाही



स्वागत झालं, सत्कार झाले. अध्यक्षाचं हे व्यासपीठ मला एकदाच मिळणार आहे, म्हणून थेट विषयावर येतो. विषय कोणता, ते तुम्ही ओळखलंच असेल. इंदूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्रात पाऊल ठेवताच जो शब्द ऐकावा लागतो, तो: अशुद्ध.

तरुणपणी मी पुण्याच्या एका मासिकाला कथा पाठवली होती. त्यात इंदूरच्या रामबागेतली एक आजी सुनेला म्हणते, "मला देवळात जाणं आहे, तू काय करून राहिली?" कथा परत आली. समासात तांबड्या शाईने एकच शब्द होता, आणि तो त्या आजीच्या वाक्यासमोर होता. कथा वाईट आहे असं लिहिलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण जिने सारा जन्म इंदुरात काढला, जिच्या घरात दूधवाला, भाजीवाला, शेजारीण सगळे हिंदी आणि माळवी बोलतात, तिने सदाशिव पेठेत बोलतात तसं बोलावं? तिच्या तोंडी दुसरी भाषा घातली असती तर ती खोटी झाली असती. तो शेरा मी विसरलो नाही. विसरणारही नाही.

इंदूरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी तीनदा मांडव घातला. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, २००१ साली विजया राजाध्यक्ष. पाहुण्यांना आपण डोक्यावर घेतलं. तरीही आपल्या मराठीचा विषय निघाला की कोणीतरी हळूच म्हणतं, "गोड आहे हो, पण हिंदाळलेली." हा 'पण' मला सोसत नाही.

शुद्ध म्हणजे काय, हे ठरवलं कोणी? १९६२ साली शासनाने साहित्य महामंडळाचे लेखननियम स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेला. तोवर 'घरें' लिहिणारा शुद्ध होता, 'घरे' लिहिणाऱ्याचे गुण कापले जात होते. पुढे सगळं उलटलं. १९७२ साली आणखी चार नियम आले, एकूण अठरा झाले. नियम हवेतच. शाळेला हवेत, छापखान्याला हवेत, मी स्वतः ते पाळतो. पण बैठकीत बसून ठरवलेल्या गोष्टीला नियम म्हणा, प्रमाण म्हणा. तिला शुद्ध म्हटलं की उरलेले सगळे विटाळलेले ठरतात.

लेखनासारखीच शुद्धी शब्दांचीही मागितली गेली. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे. त्यांनीच पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' मी आनंदाने वापरतो. नवा शब्द घडवणाऱ्याशी माझं भांडण नाही. रुळलेल्या शब्दाला घराबाहेर काढणाऱ्याशी आहे. पेशवा हा शब्द फारसी आहे. फडणवीस, चिटणीस तिकडूनच आले. मल्हारराव होळकरांना आपण आजही सुभेदार म्हणतो. इतकं सगळं पोटात घेऊन जी भाषा धडधाकट राहिली, ती इंदूरच्या आजीच्या 'करून राहिली'ने बाटते?

मुक्तिबोधांचं घर पाहा. एक भाऊ गजानन माधव हिंदीत लिहिता झाला, दुसरा शरच्चंद्र मराठीत. दोघेही माळव्याच्या हवेत वाढले. त्या घराची शुद्धता कोण तपासणार? आणि इंदूरच्या सराफ्यात रात्री जाऊन उभे राहा. हिंदी बोलणारा दुकानदार 'भुट्टे का कीस' विकतो. किसणे हे क्रियापद आपलं, कीस आपला. त्याने तो हक्काने घेतला. त्याची हिंदी अशुद्ध झाली, असं मी एकाही हिंदी पंडिताकडून ऐकलेलं नाही.

हा शब्द व्याकरणापुरता असता तर मी एवढा चिडलो नसतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या हजारोंनी प्यायलं. ते बाबासाहेब आपल्या शेजारच्या महूत जन्मलेले. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. बरोबर एका वर्षाने, मार्च १९२८ मध्ये, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांशी लग्न करण्यासाठी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीची नाशिकला शुद्धी झाली. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी पुढे झाले, तिचं शर्मिष्ठा नाव ठेवलं आणि बडवाहला लग्न लागलं. त्या बाईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सातासमुद्रापलीकडच्या वधूला दार उघडतं आणि गावच्या तहानलेल्या माणसाच्या स्पर्शाने तळं बाटतं! शुद्धतेचा निकाल पाणी पाहून लागत नव्हता, समोरचा माणूस पाहून लागत होता. समासातली ती तांबडी शाई मला त्याच घराण्यातली वाटते.

या सभागृहातही ती शाई वापरणारे काही जण आहेत. दर वर्षी पुण्याहून परीक्षक बोलावायचा, आपल्याच मुलांचे उच्चार त्याच्यासमोर हसण्यावारी न्यायचे, आणि मग मुलं मराठीकडे फिरकत नाहीत म्हणून हळहळायचं. नावं घेत नाही. मुलांना पळवून लावलं ते तुम्ही.

अध्यक्ष म्हणून मला जे करता येतं ते करतो. यंदापासून आपल्या 'शुद्धलेखन स्पर्धे'चं नाव 'प्रमाणलेखन स्पर्धा'. कथा-कविता स्पर्धेत कोणत्याही परीक्षकाने 'अशुद्ध' असा शेरा लिहिला, तर तो कागद त्याच्याकडे परत जाईल. आणि इंदुरी मराठीचा कोश आपण सुरू करतो आहोत. रामबाग, नंदलालपुरा, तुकोगंज इथल्या घरांत अजून सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या बायका आहेत; त्यांचे शब्द, त्यांच्या शिव्यासुद्धा, बोलल्या तशा लिहून घ्यायच्या आहेत. कोणी काही सुधारायचं नाही. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी जाताना पत्ता लिहून जा.