फाटक्या छत्रीचं मनोगत आणि आपलं

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाचा हिशोब कसा ठेवायचा ते बोललो. आजही बोलायचं आहे ते वहीबद्दलच, पण ही वही हिशोबाची नाही. आपल्या मुलींना स्वतःच्या जगण्याबद्दल लिहायला कसं शिकवायचं, हा आजचा विषय.

दहावीच्या मराठीत आत्मकथन असतं. मुली ते पाठ करतात. फाटक्या छत्रीचं मनोगत, जुन्या पुस्तकाचं मनोगत, आटलेल्या नदीचं मनोगत. छत्रीला अडगळीत पडून काय वाटतं, ते आपल्या मुली दीड पान लिहितात. पण त्याच मुलीला म्हणा, ‘बाई, आता तुझं लिही,’ की पेन थांबतं. ‘माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?’ असं विचारते. छत्रीत आहे आणि हिच्यात नाही!

आमचा भाग बीड जिल्ह्यातला, ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्याला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. काही मुली आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. आमच्या गटांतल्या बायकांच्या आठवी ते दहावीच्या मुली रविवारी समाजमंदिरात जमतात. अभ्यासाबरोबर एक तास आम्ही लिहायला ठेवला आहे. त्यातून जे हाताला लागलं, ते तुम्हाला सांगते.

आधी, हे करायचं कशाला? तुमच्या गटाची कर्जाची नोंदवही उघडा. कारणाच्या रकान्यात पाहा. घरखर्च, घरखर्च, घरखर्च. त्या एका शब्दात सासूचा चष्मा असतो, लेकीचं बाळंतपण असतं, मुकादमाची अंगावर राहिलेली उचल असते. आपणच आपलं सगळं एका शब्दात गुंडाळून ठेवतो. मग बँकेत साहेबांनी विचारलं, ‘मावशी, अडचण काय आहे?’ की आपण म्हणतो, ‘काही नाही, असंच.’ आपली गोष्ट नीट क्रमानं सांगता येणं ही कामाची विद्या आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला ती लागते, मुलाखतीला लागते, ग्रामसभेत उभं राहायला लागते.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ती मांग समाजातली मुलगी. आपल्या लोकांचं दुःख तिनं सरळ लिहिलं. आज आपल्या दहावीतल्या मुली आहेत, साधारण त्याच वयाची ती होती. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागली. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिलं. त्याचं ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक १९८६ साली आलं. यातल्या कुणीही ‘माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं’ म्हणून पेन खाली ठेवलं नाही.

आता कसं शिकवायचं ते बघू.

पहिली गोष्ट, ‘तुझी जीवनकथा लिही’ असं कधी सांगू नका. जीवन फार मोठं आहे, मुलगी घाबरते. एक वस्तू द्या, नाहीतर एक दिवस द्या. तुझ्या घरातला कोयता. कोपीत पाऊस शिरला ती रात्र. बाप गावाला निघाला त्या सकाळी चुलीवर काय होतं? एवढंच लिही म्हणा. वस्तू हातात आली की तिच्यामागून माणसं आपोआप येतात.

दुसरी गोष्ट, आधी बोलणं, मग लिहिणं. दोघी-दोघींना समोरासमोर बसवा. एकीनं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे. कुठं? कधी? तिथं कोण होतं? कोण काय म्हणालं? ‘का’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच ‘का’ विचारलं तर मुलगी शिकवलेलं उत्तर देते.

तिसरी गोष्ट भाषेची. घरी बोलतो तसंच लिहू द्या. मुली विचारतात, ‘ताई, माय लिहू का आई लिहू?’ तू हाक काय मारतेस? माय ना? मग माय लिही. शुद्धलेखन दुसऱ्या खेपेला तपासता येतं. पहिल्याच ओळीला लाल पेन लावलं, तर ती पुढच्या ओळीत निबंधमालेतलं वाक्य आणून ठेवते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोठे शब्द गाळायला शिकवा. एका मुलीनं पहिल्यांदा लिहिलं होतं, ‘माझी आई म्हणजे त्यागाची मूर्ती आहे. ती अपार कष्ट करते.’ तिला विचारलं, काल आईनं काय काय केलं ते सांग. मग तिनं लिहिलं, ‘माय पहाटं तीनला उठली. अंधारात भाकरी केल्या. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना तिचा पाय घसरला. ती आधी मोळीकडं बघत होती, मग पायाकडं.’ यात त्याग हा शब्द कुठंच नाही. पण आम्ही सगळ्या गप्प बसलो होतो.

लिहून झालं की एकेकीनं मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी ‘छान छान’ म्हणायचं नाही आणि चुकाही काढायच्या नाहीत. कुठली गोष्ट डोळ्यासमोर उभी राहिली तेवढी सांगायची आणि आणखी काय ऐकायला आवडेल ते विचारायचं. त्या प्रश्नावरून ती पुढच्या रविवारी दुसरी खेप लिहिते. लिहिणं असं दोन-तीन खेपांत पक्कं होतं.

आता एका मुलीचं सांगते. तिच्या आईच्या परवानगीनं सांगते आणि तिच्याही. मुलगी नववीतली. त्याआधीच्या हंगामात आईबापानं तिला बरोबर नेलं होतं, दीड वर्षाच्या भावाला सांभाळायला. तिला ‘एक दिवस’ लिहायला दिला, तेव्हा तिनं फडावरचा दिवस लिहिला नाही. शाळेत परतली तो दिवस लिहिला. ‘माझ्या जागेवर दुसरी बसली होती. सरांनी हजेरी घेतली, त्यात माझं नाव शेवटी होतं, पेनानं लिहिलेलं. फळ्यावर गणित होतं. ते मला वाचताही येत नव्हतं. मी दप्तर मांडीवरच ठेवलं, खाली ठेवलं नाही.’

तिच्या आईला वाचता येत नाही. मुलीनंच ते तिला वाचून दाखवलं. आई त्या दिवशी काही बोलली नाही. आठ दिवसांनी गटाच्या बैठकीत हप्ता भरून झाल्यावर म्हणाली, ‘ताई, मला वाटायचं पोरगी फडावर खुश असती. दप्तराचं मला ठाऊक नव्हतं.’ मग बैठकीत त्यावर बोलणं झालं. धाकट्याला कोण सांभाळणार, हा खरा अडलेला प्रश्न होता. त्याच टोळीत एक वयस्क नातेवाईक बाई जाणार होत्या, त्यांनी त्याला कोपीवर सांभाळायचं कबूल केलं. त्या हंगामात मुलगी आजीजवळ राहिली आणि शाळेत गेली. पुढच्या हंगामाचं अजून ठरलेलं नाही. उचल घेतलेली आहे आणि घरात माणसं तेवढीच आहेत. एका पानानं गरिबी हटत नाही. पण त्या घरात मुलीला न्यायचं की ठेवायचं हे ठरवताना, मुलीचं म्हणणं पहिल्यांदा मोजलं गेलं.

आता जपून करायची गोष्ट. मुलगी मनापासून लिहायला लागली की घरातलंही लिहिते. दारू, मारहाण, भांडणं. म्हणून आमचा नियम आहे की वही मुलीची. तिच्या परवानगीशिवाय ती कुणी उघडायची नाही, ताईनंही नाही. काय वाचायचं आणि काय पान दुमडून ठेवायचं, ते तिनं ठरवायचं. दुसऱ्याचं गुपित असेल तर नाव-गाव बदलायचं. वाचलेलं समाजमंदिराबाहेर न्यायचं नाही, विहिरीवर तर नाहीच. आणि ‘रडायला येईल असं लिही’ असं मुलीला कधीही सांगू नये. तिला हसू आलेला दिवसही तेवढाच लिहिण्यासारखा आहे.

मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी मुलींना सांगून ठेवा. वहीत लग्न ठरल्याचं आलं आणि मुलगी अठराच्या आतली असेल, किंवा कुणी तिच्या अंगाला हात लावतं असं आलं, तर ताई गप्प बसणार नाही. अशा वेळी १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. बालविवाहासाठी गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि अंगणवाडीताईंनाही सांगता येतं. मुलीला अंधारात ठेवून काही करू नका. तिला सांगा, तिच्याबरोबर चला.

हे सगळं करायला शिक्षिका असावं लागत नाही. मी शिक्षिका नाही. साधी शंभर पानी वही, पेन आणि आठवड्यातला एक तास पुरतो. ज्या आयांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगावं आणि मुलीनं लिहून घ्यावं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्यांनी कागदावर उतरवली, म्हणून आज ती आपल्यापाशी आहेत.

तर या आठवड्याचं काम. आज जेवणं झाली की लेकीजवळ बसा. तिला एकच सांगा, ‘आज शाळेत जाताना वाटेत काय काय दिसलं ते सांग.’ ती सांगेल ते मधे न बोलता ऐका. मग म्हणा, ‘हेच लिही.’ पाच ओळी झाल्या तरी पुष्कळ. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या रकान्यात ‘घरखर्च’ लिहायच्या आधी सचिवताईंनी एकदा विचारावं, ‘म्हणजे नेमकं काय गं?’

ज्यांना आपलं पान रेडिओवर वाचावंसं वाटेल, त्यांनी आपल्या गटाच्या ताईंकडे द्यावं. नाव सांगायचं की नाही, ते तुमच्यावर. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.